पूजेतले अडसर

कुर्बान मिस्त्रीला एका शब्दाचा मनस्वी राग होता. तो शब्द म्हणजे 'चालते'. वऱ्हाडात हा शब्द पाण्यासारखा वापरतात. नट सैल राहिला? चालते. ब्रेक उशिरा लागतो? चालते. फळी कुजकी आहे? वरून पत्रा मार, चालते. पस्तीस वर्षं कुर्बानने अकोल्यात ट्रकच्या बॉड्या बांधल्या, आणि उलटलेल्या गाड्या उचलायला जाऊन जाऊन त्याचं एक मत पक्कं झालं होतं, की प्रत्येक उलटलेल्या गाडीखाली हाच शब्द सापडतो. त्याच्या तोंडून तो कुणी ऐकला नव्हता. गिऱ्हाइकाने म्हटलं, "चालते ना मिस्त्री?" तर हा पान्हा खाली ठेवून म्हणायचा, "त असंच घेऊन जा. माह्या हातची नाही म्हना, मंग कुठंबी न्या."

असा माणूस गॅरेजात फार दिवस टिकत नाही. मालकाला काम उरकायचं असतं. शेवटी कुर्बान घरी बसला, आणि त्याची बायको सबीहा, जी उर्दू शाळेत शिकवायची, तिच्या पगारावर घर चालू लागलं. तेवढ्यात वामनरावांची गाडी आली.

त्या वर्षांत वऱ्हाडात गाड्यांना काय तोटा होता! कापसाच्या गावांतून रोज एक वाईट बातमी निघायची आणि बातमीच्या मागोमाग दोन जीपा. समित्या आल्या, पाहणी पथकं आली, गळ्यात कॅमेरे लटकवून फोटोवाले आले. हिवरखेडच्या एका म्हाताऱ्याने तर पथकाला तोंडावर सांगितलं होतं, "साहेब, तुमच्या जीपांनं वावरातली धूळ जेवढी उडाली, तेवढं पानी जरी आलं असतं त पीक आलं असतं." साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं म्हणे.

वामनराव निवृत्त तहसीलदार. त्यांची अकोल्यात एक संस्था होती, आणि त्या संस्थेला परदेशातल्या कुणा दानशूर माणसाने आपली जुनी घरगाडी पाठवली होती. घरगाडी म्हणजे बसएवढी मोठी मोटार, आत ओटा, पलंग, न्हाणी, सगळं. तिचं खरं नवल डाव्या अंगाला होतं. गाडी उभी केली की त्या बाजूची एक अख्खी खोली कपाटाच्या खणासारखी चार फूट बाहेर सरकायची. गावातली पोरं ओरडायची, "गाडीले पोट सुटलं! पोट सुटलं!"

वामनरावांच्या डोक्यात या खोलीसाठी एक कल्पना होती, आणि कल्पना वाईट नव्हती. संस्थेच्या डॉक्टरबाईंनी त्या खोलीत बसायचं आणि गावातल्या माणसांनी एकेकट्याने येऊन मन मोकळं करायचं. गावात कुठे बोलणार माणूस? घरात सासू, ओट्यावर शेजारी, पारावर सगळं गाव. ही चार फुटांची खोली मात्र ज्याची त्याची.

पण खोली जाम झाली होती. बंदरावरून अकोल्यापर्यंत येतायेताच तिची मोटर जळाली. रुळांत धूळ बसली, कडेचं रबर उन्हाने तडकलं. दोन मेकॅनिक येऊन, डोकं खाजवून गेले. तिसरा कुर्बान. त्याने गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक घरी नेलं. सबीहाने चष्मा लावून, शब्द जुळवत जुळवत, त्याला आठ दिवस ते वाचून दाखवलं. ज्या ओळीवर ती अडायची तिथे कुर्बान चित्र बघून अर्थ सांगायचा, आणि बहुतेक वेळा त्याचाच अर्थ बरोबर निघायचा.

मग त्याने ती खोली आपली केली. जळकी मोटर काढून हाताने फिरवायचं चाक बसवलं. रुळांना ग्रीस लावायचं नाही, ग्रीसला आपली काळी माती चिकटते आणि तिचा लगदा होतो, म्हणून तो शिसपेन्सिलीची भुकटी चोळायचा. रबर चिकटू नये म्हणून त्याला शंखजिऱ्याची पूड. गावात गाडी उभी करताना खाली फळ्या घालून आधी ती समतल करायची, मगच खोली काढायची, नाहीतर रूळ पिळवटतो. आत घ्यायच्या आधी शिडी लावून खोलीचं छप्पर झाडायचं, कारण कडुलिंबाच्या चार काड्या जरी फटीत गेल्या तरी रबर फाटतं.

आणि सगळ्यांत शेवटी अडसर. मोटर होती तोवर प्रवासात मोटरच खोलीला आवळून धरायची. हातचाकाला तो जोर नव्हता. म्हणून कुर्बानने चांगलं जाड लोखंड घेऊन दोन अडसर घडवले. ते आतून आडवे बसायचे, प्रत्येकाला दोन खिळे. हे अडसर म्हणजे त्या खोलीचा जीव. ते बसवले, खांदा लावून खोली ढकलून पाहिली, की तो पत्र्यावर दोनदा थाप मारायचा आणि म्हणायचा, "चला शेषराव." थाप ऐकल्याशिवाय शेषराव ड्रायव्हर किल्लीला हात लावत नसे. दीड वर्ष हे असं चाललं. पातूर, मूर्तिजापूर, तेल्हारा, कुठे कुठे गाडी गेली, खोली एक बोटभरही हलली नाही.

कुर्बानला गाडीत आणखी एक काम आपोआप लागलं होतं. खोलीत कुणी बोलत असलं की तो बाहेर, खोलीखाली सावलीत बसायचा, म्हणजे भिंतीला कान लावायला कुणी येऊ नये. पातूरच्या अलीकडच्या एका गावातून जमुना नावाची बाई यायची. पस्तिशीतली, नवरा गेल्या सालीच गेलेला, घरी दोन एकर आणि सासरा. पहिल्या दिवशी ती आत जाऊन अर्धा तास नुसती बसली आणि उठून आली. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला दीड तास खोलीचं दार उघडलं नाही. बाहेर आली तेव्हा डोळे सुजले होते, पण चालणं सरळ होतं. पायरी उतरताना ती कुर्बानला म्हणाली, "मिस्त्री, दार चांगलं लागते तुमच्या खोलीचं. आमच्या घराले असं एकबी दार नाही."

कुर्बानने ते घरी जाऊन सबीहाला सांगितलं. दोनदा सांगितलं. आपण केलेल्या कामाची अशी तारीफ आजवर कुणी केली नव्हती, हेही सांगितलं.

दोन हजार सातचा दसरा. ईद होऊन आठवडाही झाला नव्हता. नवमीच्या आदल्या संध्याकाळी दुर्गाबाई गाडीपाशी त्याच्याकडे आल्या. दुर्गाबाई संस्थेतलं सगळं बघायच्या, चहापासून गावोगावच्या नोंदींपर्यंत, आणि खंडेनवमीची पूजाही त्याच मांडायच्या. ऑफिसच्या मागच्या खोलीत पाटावर सगळी अवजारं ठेवायची, हळदकुंकू, झेंडू, आणि दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत त्यातलं काही हलवायचं नाही, असा तिथला रिवाज.

"मिस्त्री, तुमचे हत्यारं द्या ना पूजेले," त्या म्हणाल्या.

"माहे?"

"त कोनाचे? गाडी काय वामनराव साहेबाच्या पेनानं चालते?"

कुर्बान हसला. गॅरेजात दर दसऱ्याला पूजा व्हायची, पण ती मालकाच्या मशीनची. त्याची हत्यारं कधी कुणी मागून नेली नव्हती. पान्हे-हातोडे देणं त्याला हलकं वाटलं. त्याने गाडीत जाऊन दोन्ही अडसर आणि चारही खिळे काढले, रॉकेलने घासून लख्ख केले, फडक्यात गुंडाळून आणून दिले. "हेच ठेवा बाई. सारी गाडी याच्यावरच हाये." गाडी दोन दिवस हलणार नव्हती. वामनरावांनीच तशी सुट्टी दिली होती. सकाळी नवमीची पूजा झाली, कुर्बानने उंबऱ्याबाहेरून पाहिली. पाटावर मधोमध त्याचे अडसर होते, त्यांच्यावर कुंकवाची बोटं. त्याला मनातून फार बरं वाटलं, ते खोटं कशाला सांगा.

दुपारी वामनरावांचा फोन आला. संस्थेचं काम बघायला येणारे दिल्लीचे पाहुणे दोन दिवस आधीच टपकले होते, त्यांना गाडी गावात उभी असलेली बघायची होती, आत्ता. "मी त्यांना घेऊन जीपने पुढे निघतो. तुम्ही तासाभरात पातूरच्या फाट्यावर या. बायांना निरोप दिला आहे, त्या थांबतील."

शेषरावने गाडी पुसायला घेतली. कुर्बान म्हणाला, "शेषराव, अडसर पूजेत हायेत."

शेषराव थांबला. अंगात येणाऱ्या देवाचा भगत माणूस तो, नवरात्रात अनवाणी फिरायचा. "पूजेतलं मी नाही हालवत बा," तो म्हणाला. "दोरानं बांध ना आजच्या दिवस. तीस किलोमीटर त जाचं हाये."

दुर्गाबाई कुमारिकांना जेवू घालायला घरी गेल्या होत्या. ऑफिसात कुणी नव्हतं. कुर्बान मागच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी गेला. चप्पल काढली. समई तेवत होती. अडसर चार हातांवर होते. दोन पावलं आत, वाकायचं, उचलायचं, निघायचं. वस्तू त्याची, घडवलेली त्याने, दिलेली त्याने.

त्याचा पाय उंबऱ्यावरच राहिला.

असं नाही की त्याला वेड लागलं होतं. माणूस उगीच भीत नाही, त्याला कुणीतरी ते शिकवलेलं असतं. काही वर्षांपूर्वी गॅरेजात एका नव्या ट्रकची पूजा होती. चाकापुढे ठेवलेला नारळ घरंगळून खड्ड्याकडे निघाला, तो कुर्बानने उचलून जागेवर ठेवला. झालं! गाडीमालकाचा भाऊ उखडला, "पूजेतल्या नारळाले याचा हात कसा लागला?" दोन तास वाद, बघ्यांची गर्दी, कुणी बाहेरून आणखी माणसं आणायला निघालेलं. शेवटी गॅरेजच्या मालकाने कुर्बानला हात जोडायला लावले. तो नारळ नालीत फेकला आणि नवा नारळ आणायला बाजारात पाठवलं कुणाला, तर कुर्बानलाच! हा नवा नारळही त्याच हातांनी आणलेला, तो मात्र चालला. कुर्बान त्या दिवशी घरी येऊन जेवला नाही. तेव्हापासून पूजा दिसली की तो हात मागे बांधून उभा राहायचा. सवयच झाली होती ती.

आताही त्याने हात मागे घेतले. चप्पल घातली, आणि गाडीत जाऊन नायलॉनचा दोर काढला.

दोर त्याने चांगला बांधला, त्यात कुचराई नाही. खोलीच्या चौकटीपासून समोरच्या पलंगाच्या पायापर्यंत सहा वेढे, रुळात लाकडी पाचर. मग खांदा लावून ढकलून पाहिलं. खोली हलली नाही, पण दोर ताणला गेला, आणि ते त्याच्या हाताला कळलं. त्याने वामनरावांना फोन लावला.

"साहेब, अडसर नाही लावले. दोरानं बांधलं हाये."

मागून पाहुण्यांचं हसणं ऐकू येत होतं. वामनराव घाईत होते. "अरे, इथे सगळे खोळंबलेत. चालते ना?"

इथे 'नाही' म्हणायला फक्त एक श्वास लागला असता. पण 'नाही' म्हटलं की 'का' आलं, आणि 'का' आलं की पूजा आली, आणि पाहुण्यांसमोर फोनवर ते सगळं उलगडायचं. कुर्बान म्हणाला, "चालते."

त्या दिवशी त्याने पत्र्यावर थाप मारली नाही. शेषरावनेही ती मागितली नाही.

कुर्बान आत, दोरापाशी बसला होता, वेढ्यांवर हात ठेवून. ऑक्टोबरचं ऊन, गाडी तापलेली, दोर घडीघडीला ढिला पडत होता आणि तो आवळत होता. उशीर झाला म्हणून शेषराव दाबून चालवत होता. फाट्यावर गाडी उजवीकडे गावाच्या रस्त्याला वळली. वळणावर सगळं वजन डाव्या अंगाला आलं. पाचर बंदुकीच्या गोळीसारखी उडाली. दोर कुर्बानच्या तळहातांतून सरकत गेला, चामडी सोलत गेला, तरी त्याने तो सोडला नाही. पण हजार किलोची खोली दोन हातांनी कधी थांबते? धाडकन ती पूर्ण चार फूट बाहेर गेली.

डाव्या बाजूला, बाभळीच्या सावलीत, बाया उभ्या होत्या. ओवाळायला ताट घेऊन. पाहुण्यांसमोर दोन शब्द बोल, असा निरोप जमुनाला होता, म्हणून ती सगळ्यांच्या पुढे होती.

अकोल्याला नेईपर्यंत ती गेली.

पुढचं सांगायला जीभ वळत नाही, पण सांगायला हवं, कारण असल्या गोष्टींत पुढचंच जास्त असतं. पाहुणे त्याच संध्याकाळच्या गाडीने परत गेले. गावात कुणी कुर्बानला हात लावला नाही. जमुनाचा सासरा फक्त म्हणाला, "ती बोलाले लागली होती आता," आणि खाली बसला. तालुक्याला मरणांच्या याद्या होत्या, त्यांत पात्र आणि अपात्र असे रकाने होते. जमुनाचं मरण कुठल्याच रकान्यात बसलं नाही.

दसऱ्याच्या दिवशी पोलीस संस्थेत आले. अडसर मुद्देमाल म्हणून हवे होते. ते कुठे आहेत विचारल्यावर कुर्बानने बँडेज बांधलेल्या हाताने मागची खोली दाखवली. हवालदार बूट घालूनच आत गेला, झेंडूची फुलं बाजूला सारली, दोन्ही अडसर काखेत मारून बाहेर आला. वामनराव उभे होते, शेषराव उभा होता. कुणी त्याला अडवलं नाही.

जबाबात शेषराव म्हणाला, "मी उचलू नको असं नव्हतं म्हनलं. मी हालवत नाही, असं म्हनलं होतं." ते अक्षरशः खरं होतं, कुर्बानने मान हलवली. वामनरावांनी अहवालात लिहिलं की फिटरने नेहमीची सुरक्षा व्यवस्था वापरली नाही आणि विचारल्यावर 'चालते' असं उत्तर दिलं. तेही खरं होतं. सगळं खरं होतं, आणि सगळ्यांच्या खऱ्याची बेरीज कुर्बानच्या नावावर झाली. नोकरी गेली. केस उभी राहिली. तळहात बरे झाले, पण मुठी पूर्ण मिटेनात, त्यामुळे पान्हा धरवेना.

तो घराबाहेर पडेनासा झाला. सबीहा शाळेतून आली की तो सकाळी बसला होता तिथेच बसलेला असायचा. ती म्हणायची, "कुछ तो बोलो." तो म्हणायचा, "क्या बोलूं?" लोकांनी बोलावं म्हणून ज्याने खोली घट्ट केली, त्याचीच वाचा बसली.

महिन्याभराने एका दुपारी दुर्गाबाई त्याचं घर शोधत आल्या. इतक्या दिवसांत संस्थेतलं पहिलंच माणूस. सबीहाने खुर्ची दिली, पाणी दिलं. दुर्गाबाई पाणी प्यायल्या, पेला हातातच धरून ठेवला.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "मले झोप नाही. एकच विचाराले आली. तुमी अडसर काहून नाही उचलले?"

"पूजेत होते, बाई."

"त मंग? पूजा मी मांडली होती ना? मले एक फोन करता. नाही केला त तसेच घेऊन जाता. हत्यार कामाले यावं म्हनून त पूजतो आपून त्याले." त्यांचा आवाज चढला. "तुमचे होते ते! मी मागून आनले होते तुमच्याकडून. मी काही म्हनलं असतं का?"

सबीहा आतून दाराशी आली.

"मी नाही, त दुसरं कोनी म्हनलं का? वामनराव साहेब? शेषराव? कोनी म्हनलं का तुमाले, का आत येऊ नका, हात लावू नका?"

दुर्गाबाईंना नारळाची गोष्ट सांगावी असं त्याच्या मनात आलं. तोंडापर्यंत आली. पण तो नारळ दुसऱ्या गावच्या माणसाचा, जुन्या गॅरेजातला, आणि या बाईने तर स्वतः येऊन त्याची हत्यारं मागितली होती. तिच्या पदरात तो नारळ कसा टाकायचा? आणि टाकून तरी जमुना थोडीच उठून बसणार होती?

"नाही, बाई," कुर्बान म्हणाला. "कोनीच नाही म्हनलं."

दुर्गाबाईंनी पेला खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावून त्या रडू लागल्या. सबीहा दारात उभी होती. कुर्बानने आपले दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि तो तसाच बसून राहिला.